गरम इंजिनाची रेस न उतरणे: चुकीचे निदान आणि विनाकारण बदललेले पार्ट यांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: वरीलप्रमाणे. जॉब कार्ड तीन, भेटी तीन, मूळ दोष कायम.

महोदय/महोदया,

माझी पेट्रोल गाडी १९ वर्षांची आहे. पहिल्या दिवसापासून ती तुमच्याच अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला येते. गेल्या दोन महिन्यांत त्याच वर्कशॉपने तिच्यावर जे काम केले, त्याबद्दल ही लेखी तक्रार करत आहे. पत्र लांबले आहे, पण काय घडले ते क्रमाने सांगितल्याशिवाय चूक कुठे झाली हे कळणार नाही.

पहिल्या भेटीत मी दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही जॉब कार्डवर एकाखाली एक लिहिल्या गेल्या. पहिली, इंजिन गरम झाल्यावरही न्यूट्रलमध्ये रेस (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) १,७०० च्या खाली येत नाही. दुसरी, ब्रेकचे पेडल पूर्वीपेक्षा कडक लागते, आणि इंजिन बंद केल्यावर तर पहिल्याच दाबाला दगडासारखे लागते. या दोन ओळी कोणी एकत्र वाचल्या असत्या, तर मला हे पत्र लिहावे लागले नसते.

त्या दिवशी मेकॅनिकने गाडी सुरू केली, तीन-चार मिनिटे पाहिली आणि काटा १,४०० वर आहे, थंड इंजिनाला एवढी रेस असतेच, असे सांगितले. ते खरेच आहे. थंड इंजिन १,२०० ते १,५०० वर चालते आणि तापत जाते तशी रेस उतरते. पण माझी तक्रार गरम इंजिनाची होती. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत थांबा, अशी विनंती मी केली. तेवढा वेळ कोणाकडे नव्हता. स्कॅनर जोडला, एरर कोड आला नाही, तरी आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाला लागणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, बदलायचे ठरले. ब्रेकसाठी पुढचे पॅड बदलले.

पॅड जुने झाले होते, ते बदलले याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण उभ्या, बंद गाडीत पहिल्याच दाबाला पेडल कडक लागण्याशी पॅडचा काय संबंध? पेडल हलके करणारा ब्रेक बूस्टर इंजिनातून पाइपने येणाऱ्या निर्वातावर (व्हॅक्यूमवर) चालतो. तो चांगला असेल तर इंजिन बंद केल्यावरही त्यात निर्वात साठून राहतो आणि पहिले एक-दोन दाब हलके जातात. ते जात नसतील तर निर्वात कुठेतरी गळतो आहे, एवढे तरी तपासायला हवे होते.

आठवड्याने मी परत आले. रेस तशीच, १,७००. या वेळी थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची पाकळी किती उघडी आहे ते सांगणारा सेन्सर, बदलला. त्या भेटीतला स्कॅनरचा कागद मी मागून घेतला होता, तो सोबत जोडला आहे. त्यावर नव्या आयडल व्हॉल्व्हचे स्थान शून्य दिसते. म्हणजे ईसीयू त्या व्हॉल्व्हला पूर्ण बंद राहायला सांगत होता. हवा कमी कर, कमी कर, असे इंजिनाचा संगणक म्हणत होता आणि तरीही रेस चढलेली होती. जुना व्हॉल्व्ह कार्बनने अडकला असेल ही शंका मी समजू शकते. पण नवा व्हॉल्व्ह बसवल्यावरही आकडा शून्य आणि काटा १,७०० वर असेल, तर हवा व्हॉल्व्हमधून येत नसून दुसऱ्या वाटेने आत शिरते आहे, हे त्याच कागदावर लिहिलेले होते. तो कागद तुमच्या माणसांच्या हातात होता.

एरर कोड नाही म्हणजे दोष नाही, हे वाक्य मला तिन्ही भेटींत ऐकावे लागले. रबरी पाइपला सेन्सर नसतो. माझ्या गाडीत ईसीयू मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, दाब मोजून पेट्रोल ठरवतो. बाहेरची हवा आत शिरली की दाब वाढतो, त्या दाबाच्या हिशेबाने पेट्रोलही वाढते आणि इंजिन मिसिंग न करता नुसते जोरात चालत राहते. सगळे सेन्सर खरे तेच सांगत असतात, मग कोड कशाचा येणार?

तिसऱ्या भेटीत झाले ते मला सर्वांत जास्त लागले. ईसीयू खराब आहे, बदलावा लागेल, असे मला सांगण्यात आले. मी नकार दिला. संध्याकाळी गाडी मिळाली तेव्हा काटा १,१०० वर होता आणि जॉब कार्डवर ‘आयडल ॲडजस्ट केले’ एवढेच लिहिले होते. घरी बॉनेट उघडले तर थ्रॉटल बॉडीवरच्या स्टॉप स्क्रूवरचा रंगाचा ठिपका फुटलेला होता. तो स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो. थ्रॉटलची पाकळी पूर्ण मिटताना भिंतीत रुतू नये म्हणून तो असतो, रेस लावण्यासाठी नसतो. तुमच्या माणसाने तो मागे घेतला, पाकळी गरजेपेक्षा जास्त मिटवली आणि काटा खाली आणला. हवेची गळती होती तिथेच राहिली. ब्रेकचे पेडलही तेवढेच कडक राहिले, आणि त्या अवस्थेत गाडी मला चालवायला दिली गेली. ही गोष्ट तुम्ही कृपया गांभीर्याने घ्या.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः शोध घेतला. इंजिन पूर्ण गरम होऊ दिले. मग मॅनिफोल्डला जोडलेले रबरी पाइप एकेक करून, कापड गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबत गेले. बूस्टरचा पाइप मॅनिफोल्डजवळ दाबताच रेस धाडकन खाली आली आणि इंजिन बंद पडता पडता राहिले. तोच पाइप बूस्टरच्या तोंडाशी दाबला तर काटा हललाही नाही. म्हणजे बूस्टरचा पडदा शाबूत होता आणि गळती या दोन जागांच्या मध्ये होती. पाइप काढून उलटा केला तेव्हा खालच्या बाजूला, जिथे तो लोखंडी पट्टीला घासतो तिथे, बोटाच्या पेराएवढी चीर दिसली. वरून पाहिले तर पाइप अगदी धडधाकट दिसतो. गार असताना चीर मिटलेली असते, गरम होऊन रबर मऊ पडले की ती आतल्या ओढीने उघडते. म्हणूनच तुमच्या तीन-चार मिनिटांच्या तपासणीत ती कोणाला सापडणे शक्यच नव्हते.

नवा व्हॅक्यूम पाइप बसवला. पेडल त्याच क्षणी पूर्वीसारखे हलके झाले. पण रेस आता ५०० वर थरथरते आणि एसी लावला की इंजिन बंद पडते, कारण फिरवलेला स्क्रू अजून तसाच आहे. मूळ दोष गेला, वर्कशॉपने घातलेला दोष शिल्लक आहे. वर्दळीच्या रस्त्यावर बंद पडणारी गाडी मी बाहेर काढू शकत नाही, म्हणून ती घरी उभी आहे.

माझ्या मागण्या अशा: थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आणि सेन्सरची बंद स्थिती कारखान्याच्या मापाप्रमाणे विनामूल्य लावून द्यावी, आणि हे काम गेल्या तीन वेळच्या माणसांऐवजी वरिष्ठ तंत्रज्ञाने करावे. गाडी न्यायची व्यवस्था तुमची असावी. आयडल व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल सेन्सर यांचे पैसे, तसेच तिन्ही वेळची मजुरी परत करावी. पॅडचे पैसे मी मागत नाही. काढलेला जुना व्हॉल्व्ह आणि सेन्सर मला परत हवेत. मी दोनदा मागितले, दोन्ही वेळा ‘टाकून दिले’ असे उत्तर मिळाले. तसे असेल तर कोणाच्या परवानगीने टाकले, ते लेखी कळवावे.

शेवटची मागणी माझ्या गाडीपुरती नाही. जुन्या गाडीत रबर कडक होते, चिरते, हे तुमच्या तंत्रज्ञांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. गरम इंजिनाची रेस चढल्याची तक्रार आली तर कोणताही पार्ट बदलण्याआधी व्हॅक्यूमची गळती तपासली जावी, आणि ती तपासली असे जॉब कार्डवर नोंदवले जावे. माझ्या शोधाला पकड आणि अर्धा तास एवढेच लागले. तुमच्याकडे धूर सोडून गळती शोधण्याचे यंत्र आहे, ते मी काचेपलीकडे ठेवलेले पाहिले आहे.

तिन्ही जॉब कार्डांच्या प्रती, स्कॅनरचा कागद आणि स्क्रूचे फोटो सोबत आहेत. चिरलेला पाइप मी जपून ठेवला आहे. गाडी न्यायला येणाऱ्या तंत्रज्ञाला तो दाखवेन, पण हवाली करणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

आपली,
१९ वर्षांपासूनची एक ग्राहक