कामिनोवर ‘संयुक्त प्रमाणपत्र’ मिळत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत स्पेनमधील ‘कामिनो दे सांतियागो’ या पदयात्रेवरचा लेख वाचला. जोडप्यांनी ही वाट बरोबरीने चालावी, त्याने संसाराला नवी पालवी फुटते, असा त्याचा एकंदर सूर होता. शिवाय यात्रा पुरी करणाऱ्या पती-पत्नीला वाटेच्या शेवटी सांतियागो शहरात ‘संयुक्त प्रमाणपत्र’ मिळते, असेही त्यात म्हटले होते. मी आणि माझ्या पत्नीने फ्रान्समधील, स्पेनच्या सीमेलगतच्या सां-जाँ-प्ये-द-पोरपासून सांतियागोपर्यंतची सुमारे ७८० किलोमीटरची वाट सदतीस दिवसांत चालून पूर्ण केली आहे. असे संयुक्त प्रमाणपत्र नसते. ही चूक वरवर किरकोळ वाटेल, परंतु लेखातील मुख्य गैरसमज तिच्यातच दडलेला असल्याने हे पत्र लिहीत आहे.

या वाटेवर प्रत्येकाला ‘क्रेदेन्सियाल’ नावाची घडीची पुस्तिका स्वतःच्या नावाने घ्यावी लागते आणि मुक्कामाच्या ठिकाणी, चर्चमध्ये किंवा कॅफेत तिच्यावर शिक्के घेत पुढे जायचे असते. पायी किमान शेवटचे १०० किलोमीटर, किंवा सायकलने २००, पार केल्याचा पुरावा म्हणजे हे शिक्के. सारिया गावापासून पुढच्या अखेरच्या टप्प्यात तर ते दिवसाला किमान दोन लागतात. नवऱ्याची पुस्तिका वेगळी, बायकोची वेगळी, आणि ‘कोम्पोस्तेला’ हे लॅटिनमधील प्रमाणपत्रही ज्याचे त्याला. एका कागदावर दोन नावे येऊ शकतात, पण ती निराळ्या कारणाने: दिवंगत किंवा आजारी व्यक्तीच्या वतीने कोणी चालले असेल, तर विनंतीवरून ‘विकारिए प्रो’ असे लिहून तिचे नाव प्रमाणपत्रावर घालता येते. सोबत चालणाऱ्या जोडीदारासाठी ती सोय नाही, कारण तो स्वतःच्या पायांनी आलेला असतो.

ही वाट ज्याची त्यानेच चालायची असते, हे आम्हाला आधी उमगले असते, तर पहिले दहा-बारा दिवस बरे गेले असते. पिरेनीज पर्वत ओलांडून रॉन्सेस्वायेसला पोहोचायचे म्हणजे पहिल्याच दिवशी बाराशे मीटरहून अधिक चढण आणि त्यानंतर गुडघ्यांचा अंत पाहणारा उतार. पत्नी चढावर न थांबता एका लयीत चालते. मी थांबत थांबत जातो. ती पुढच्या वळणावर दगडावर बसून माझी वाट पाही, मी धापा टाकत तिथे पोहोचे, आणि तोवर तिची विश्रांती झालेली असल्याने ती लगेच उठे. म्हणजे थांबायची ती आणि दमायचा मी. तिलाही त्यात सुख नव्हते, कारण घामाने भिजलेले अंग डोंगरवाऱ्यात बसल्या जागी गार पडते. दुसऱ्याच्या वेगाशी जुळवून घेताना पाऊल नेहमीसारखे पडत नाही. पांप्लोनापर्यंत माझ्या दोन्ही टाचांना फोड आले होते. आमची भांडणे मात्र आयुष्याच्या कोणत्याही गहन प्रश्नावर झाली नाहीत. ती झाली कॉफीसाठी याच गावात थांबायचे की पुढच्या, यावर.

बुर्गोसनंतर मेसेताचे पठार लागते. लेऑनच्या दिशेने दिवसचे दिवस गव्हाची शेते, सावली जवळजवळ नाही. तिथे आम्ही ठरवले की सकाळी मी आधी निघावे, तिने तासाभराने निघावे आणि संध्याकाळी ठरलेल्या गावी भेटावे. या व्यवस्थेची किंमतही मोजावी लागली. दोघांची पारपत्रे माझ्या पिशवीत आणि सगळी औषधे तिच्याकडे, अशी आमची संसारी वाटणी होती. परिणामी एका ‘आल्बेर्गे’च्या, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासाच्या, दारात तिला माझी वाट पाहत तासभर ताटकळावे लागले. पालिकेच्या किंवा देणगीवर चालणाऱ्या निवासांत बहुधा आधी येणाऱ्याला खाट मिळते आणि मागून येणाऱ्या जोडीदारासाठी ती राखून ठेवत नाहीत. एका रात्री पाय दुखत असल्याने मी ओर्नियोसलाच थांबलो आणि ती दहा किलोमीटर पुढे ओंतानासला राहिली. लग्नानंतर परक्या देशात प्रथमच वेगळे झोपलो, हे खरे. पण सामायिक दालनातील दुमजली खाटांवर, रात्री दहाला दिवे मालवल्यानंतर, एरवीही आम्ही फारसे एकत्र नव्हतोच.

जोडप्यांचे कामिनो हे काही आजचे खूळ नाही. स्वीडनची बिर्गिट्टा आणि तिचा पती उल्फ हे आठ मुलांचे आईवडील १३४१ मध्ये सांतियागोच्या यात्रेला निघाले. परतीच्या वाटेवर फ्रान्समधील आरास या गावी उल्फ गंभीर आजारी पडला. तो बरा झाला, पण त्यानंतर दोघांनी ब्रह्मचर्य पाळण्याचे ठरवले, उल्फ स्वीडनमधील आल्वास्त्राच्या मठात राहिला आणि १३४४ मध्ये तिथेच वारला. बिर्गिट्टाने पुढे स्वतःचा धर्मसंघ स्थापला आणि १३९१ मध्ये तिला संतपद मिळाले. या वाटेवरच्या सर्वांत प्रसिद्ध दांपत्याची ही कथा ‘नवी पालवी’च्या सदरात बसवणे अवघड आहे.

जोडप्यांनी जाऊ नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आम्ही पुन्हा जाणार आहोत. मात्र बिनसलेला संसार सांधायला जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की दमलेल्या, अर्धवट झोप झालेल्या दोन माणसांपाशी समजूत काढण्याइतके त्राण उरत नाही. आणि जे जातील, त्यांनी पारपत्र, पैसे, औषधे, पाणी आणि क्रेदेन्सियाल आपापल्या पाठीवरच ठेवावे, तसेच पाठीवरचे ओझे स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास राखावे. पहिल्या आठवड्यात पत्नीचा भार हलका करण्याचे शौर्य मी दाखवले होते. ते तिने मागितलेले नव्हते आणि माझ्या गुडघ्याला मानवलेही नाही.

२०२४ मध्ये सांतियागोतील यात्रेकरू कार्यालयात जवळपास पाच लाख यात्रेकरूंची नोंद झाली. आता आपल्याकडूनही जोडपी तिकडे जाऊ लागली आहेत आणि आपला लेख वाचून काही जण एकच क्रेदेन्सियाल घेऊन निघण्याची शक्यता आहे. तेव्हा प्रमाणपत्राबाबतची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक