पत्र्याच्या डब्यातून इलेक्ट्रॉन काढून दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात स्थितिक विद्युतचे प्रयोग होत नाहीत, ही आम्हा शिक्षकांची सोयीची सबब तुम्ही मोडीत काढलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

दमट दिवसांत प्रभार पळतो तो मुख्यतः आधारावरून. आधार काचेचा असेल तर काचेवर बाष्पाचा पातळ थर बसतो आणि त्यात बोटांच्या घामातलं मीठ मिसळलं की प्रभाराला वाट मिळते. म्हणून तुम्ही डबा मेणाच्या जाड वडीवर ठेवलात. मेणावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन बसतं. पीव्हीसी पाइप आणि लोकरीचं कापड हेअर ड्रायरने कोरडं केलंत. झोत मेणावर मात्र जाऊ दिला नाहीत, नाहीतर वडी मऊ पडते.

पुढचा क्रम आता आमच्या फळ्यावर कायमचा आहे. घासलेला पाइप डब्याजवळ न्यायचा, टेकवायचा नाही. तो तसाच धरून डब्याला बोट लावायचं. आधी बोट काढायचं, मग पाइप. लोकरीवर घासलेला पाइप ऋण असतो, त्यामुळे डब्यातले काही इलेक्ट्रॉन बोटावाटे जमिनीकडे जातात आणि डबा धन उरतो. पाइप आधी हलवला, तर गेलेले इलेक्ट्रॉन त्याच बोटातून परत येतात. मुलं बहुतेक इथेच फसतात.

हिशेब मांडायला लावलात, तेही बरं झालं. डब्यावर १.६ नॅनोकूलॉम (म्हणजे १.६ × १०⁻⁹ कूलॉम; कूलॉम हे प्रभाराचं एकक) धन प्रभार असेल, तर त्याला एका इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने, म्हणजे १.६ × १०⁻¹⁹ कूलॉमने भागायचं. उत्तर १०¹⁰, म्हणजे एक हजार कोटी इलेक्ट्रॉन कमी. आकडा अवाढव्य वाटतो, पण एक ग्रॅम लोखंडातच सुमारे २.८ × १०²³ इलेक्ट्रॉन असतात! डब्याचं वस्तुमान घटतं ते ९ × १०⁻¹⁸ ग्रॅमच्या आसपास. ‘धन प्रभार दिला’ म्हणजे प्रोटॉन आत घातले, हा समजही त्यामुळे गेला. प्रोटॉन आपापल्या अणुकेंद्रातून हललेलेच नसतात.

प्रभार धन की ऋण हे तपासण्याबद्दलची तुमची सूचना तर सोन्यासारखी. विद्युतदर्शी म्हणजे प्रभार ओळखायचं उपकरण; प्रभार असला की त्याची धातूची पातळ पानं एकमेकांपासून दूर होतात. धन प्रभारित विद्युतदर्शीजवळ ऋण पाइप आणला की पानं मिटतात, पण फार जवळ नेला तर मिटलेली पानं पुन्हा उघडतात आणि घाईत पाहणारा ‘सजातीय प्रभार’ असं लिहून मोकळा होतो. पाइप लांबून, सावकाश आणायचा आणि पानांची पहिली हालचाल तेवढी नोंदवायची, हे आता प्रयोगवहीत पहिल्याच ओळीत आहे.

आपले,
विज्ञान विषयाचे शिक्षक