कोन फिल्टर, ट्यूनिंग आणि परभणीचा फुफाटा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाहनांच्या पानावर छोट्या गाडीची ताकद वाढवण्याचा सल्ला छापून आला होता. इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या मूळ एअर फिल्टरची पेटी काढून शंकूच्या आकाराचा उघडा कोन फिल्टर बसवा, जोडीला ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, ट्यूनिंग करून घ्या, पिकअप वाढेल आणि अ‍ॅव्हरेजही वाढेल, असा त्याचा सूर. सोमवारी दुकान उघडलं तर कात्रण घेऊन पोरं काउंटरवर हजर. परभणीत जिंतूर रोडला आमचं मोटारीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, आता मी आणि धाकटे दीर चालवतो. 'काकू, हे मागवून द्या की.' मागवून देते, धंदा आहे. साध्या कागदी फिल्टरवर जे सुटतं त्याच्या कितीतरी पट कोन फिल्टरवर सुटतं, म्हणजे आपल्या लेखाने माझं भलंच केलंय. तरी हे पत्र लिहायला बसले, कारण तो सल्ला आपल्या भागाचं ऊन आणि धूळ पाहून दिलेला दिसत नाही.

आधी उन्हाचं बोलते. हवा तापली की विरळ होते. तापमान तीनेक अंशांनी चढलं की तेवढ्याच जागेत मावणारी हवा साधारण 1 टक्क्याने घटते, आणि हवा घटली की इंजिनाची ताकद घटली. कंपनीची फिल्टरपेटी दिसायला बोजड, काळ्या प्लास्टिकची. पण बहुतेक गाड्यांत तिचं नाक पुढच्या जाळीमागे किंवा हेडलाइटच्या बाजूला काढलेलं असतं आणि तिथून ती बाहेरची हवा घेते. ती पेटी फेकून उघडा कोन लावला की तो बॉनेटखालची, रेडिएटरवरून तापून आलेली हवा ओढतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 ला टेकतो. अशाच एका दुपारी दिरांनी एका गिऱ्हाइकाच्या कोनवाल्या गाडीला ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र, लावून पाहिला. बसस्टँडसमोरच्या गर्दीत गाडी रेंगाळत होती तेव्हा इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान 65 च्या पुढे होतं. बाहेर 45 आणि आत 65, म्हणजे सहा टक्के हवा तिथेच गेली. त्यात गरम हवेने पेट्रोल आपोआप पेटून इंजिन ठोकायला लागू नये म्हणून ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो, त्याची तूट वेगळी. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळू लागली की हा फरक कमी होतो, हे कबूल. पण पिकअप हवा असतो तो सिग्नलवरून निघताना, आणि नेमका तिथेच हा फिल्टर दगा देतो.

मग बॉनेटबाहेरून हवा घेणारी लांब नळी? ती कल्पना म्हणून चांगली आहे. फक्त तिचं तोंड बंपरमागे खाली ठेवतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओढ्याचं पाणी पुलावरून वाहत असताना लोक गाडी घालतात. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉडच वाकतो. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो पाहिलेल्या माणसाने तरी हवेची नळी जमिनीजवळ नेऊ नये.

आता धूळ. माझ्या मते सगळा प्रश्न इथे आहे आणि आपल्या लेखात त्यावर एक ओळ नव्हती. आमच्या काउंटरवर जुने फिल्टर येतात त्यांवरून गाडी कुठली हे निम्म्या वेळा सांगता येतं. सोयाबीनच्या दिवसांत मळणीयंत्राजवळून गेलेल्या गाडीच्या फिल्टरात बारीक भुसकट असतं. मानवत-सेलूकडच्या गाडीत जिनिंगच्या हंगामात कापसाची तूस निघते. परळीकडे रोजची खेप असलेल्या गाडीत करडी राख सापडते. आणि रस्त्याचं काम चालू असलेल्या कोणत्याही गावाहून आलेल्या गाडीत काळ्या मातीचा फुफाटा, झटकला तर काउंटरभर होतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण म्हणतो खरं, पण जर्मनीतल्या गुळगुळीत रस्त्यांवर नावाजलेला फिल्टर परभणीच्या पांदीतही तसाच चालेल असं नाही.

या मातीत सिलिका असते, आणि सिलिका इंजिनाच्या लोखंडाला घासते. मोठा कण कोणताही फिल्टर अडवतो. नुकसान करतात ते 10-20 मायक्रॉनचे, डोळ्याला न दिसणारे कण; ते पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या मधल्या ऑइलच्या पातळ थरात शिरतात. कागदी फिल्टरच्या घड्या हेच कण धरण्यासाठी असतात. तेल लावलेल्या सुती जाळीच्या कोनातून हवा मोकळी जाते ती जाळी विरळ असते म्हणूनच. गाळणीतून चहा भराभर गाळला जातो, पण वस्त्रगाळ करायचं तर फडकंच लागतं, तशातली ही गत. आता टक्क्यांचा खेळ पाहा. समजा एक फिल्टर 99 टक्के धूळ अडवतो आणि दुसरा 97 टक्के. ऐकायला फरक दोनच टक्क्यांचा. पण इंजिनात शिरते ती उरलेली धूळ, आणि ती एकाची 1 तर दुसऱ्याची 3, म्हणजे तिप्पट. फिल्टर किती धूळ अडवतो हे मोजायची आयएसओ 5011 नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. ज्या फिल्टरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकावर तिचा आकडा नाही आणि 'हाय फ्लो' एवढंच मोठ्या अक्षरात आहे, तो मी स्वतःच्या गाडीला लावणार नाही.

सुती फिल्टर धुऊन वापरता येतो म्हणून स्वस्त पडतो, हेही लेखात होतं. धुतल्यावर त्याला मोजून तेल लावावं लागतं. तेल कमी झालं तर धूळ आत, जास्त झालं तर ज्या गाड्यांना आत जाणारी हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर आहे त्यांच्या सेन्सरच्या तारेवर ते जाऊन बसतं आणि गाडी अडखळायला लागते. सेन्सरची किंमत मी सांगत नाही, गिऱ्हाईक खुर्ची मागतं. जाता जाता गॅरेजवाल्या भावांनाही एक सांगते. कागदी फिल्टरला कंप्रेसरने जोरात हवा मारू नका. कागदाचे तंतू फाटतात, फिल्टर वरून चकाचक दिसतो आणि आतून गळतो. थोडा मळलेला कागद उलट नव्या कागदापेक्षा बारीक गाळतो. फार मळला की बदलून टाका. आमच्या भागात कंपनीच्या पुस्तकातल्या साध्या रस्त्याच्या किलोमीटरवर विसंबू नका, धुळीच्या रस्त्यासाठी वेगळी सूचना दिलेली असते ती पाहा.

अ‍ॅव्हरेजचं तर गणितच बसत नाही. छोटी गाडी सपाट रस्त्यावर 80 च्या वेगाने चालवायला दहा-बारा हॉर्सपॉवर पुरते. इंजिन 80 हॉर्सपॉवरचं असलं तरी बाकीची ताकद थ्रॉटलच्या पाकळीने अडवून धरलेली असते. पाकळी अर्धवट मिटलेली असताना तिच्या आधीचा फिल्टर कितीही मोकळा केला तरी पेट्रोल काय वाचणार? अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ओक रिज प्रयोगशाळेने 2009 साली फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांवर हेच तपासलं होतं. फिल्टर मुद्दाम चोंदवला तरी अ‍ॅव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, पिकअप मात्र मंदावला. चोंदलेल्या फिल्टरने जे बिघडत नाही ते महागड्या फिल्टरने सुधारणार कुठून? कोन लावल्यावर गाडी जोरात वाटते ती आवाजाने. कंपनीच्या नळीवर आवाज गिळणारी एक पोकळ डबी असते, 'बिनकामाची' म्हणून तीही काढतात. मग हवा ओढल्याचा घुमारा थेट केबिनमध्ये येतो आणि पोराला वाटतं गाडी उडाली. आवाजासाठी पैसे घालायचे असतील तर घाला, हौसेला मोल नाही. पण मग तसं म्हणून घाला.

ट्यूनिंगबद्दल मी इतकी विरोधात नाही, कारण तिथे खरोखर काहीतरी मिळतं. टर्बो, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, असलेल्या गाडीत ईसीयूचा नकाशा, म्हणजे आत लिहिलेले आकडे, बदलून टर्बोचा दाब वाढवता येतो आणि 20-25 टक्के जास्त ओढ मिळू शकते. गंगाखेडच्या एका नात्यातल्या मुलाने त्याच्या 1.3 लिटरच्या जुन्या डिझेल गाडीला ते करून घेतलं. कन्नडच्या औट्रम घाटात पाच माणसं आणि सामान घेऊन गाडी वरच्या गिअरवर चढली, हे मी मागच्या सीटवर बसून पाहिलंय. पण क्लच होता तोच राहिला. वाढलेली ओढ त्याला पेलली नाही, काही महिन्यांत घसरायला लागला, आणि क्लच सेट, बेअरिंग, मजुरी मिळून ट्यूनिंगपेक्षा जास्त बिल झालं. मागून धूर काळा निघायचा तो वेगळाच. करून देणाऱ्याने यातलं काही आधी सांगितलं नव्हतं.

साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीचं मात्र वेगळं आहे, आणि आमच्याकडची बहुतेक गिऱ्हाइकं याच गाड्यांची. वॅगनआर, टियागो, आय टेन, स्विफ्ट. यांत वाढवायला दाबच नाही. ठिणगी थोडी आधी टाकायची, पेट्रोल थोडं बदलायचं, एवढीच जागा; 1.2 लिटरच्या गाडीत चार-पाच हॉर्सपॉवर मिळाली तरी भरून पावलं म्हणायचं. ठिणगी आधी टाकली की ठोकण्याचा धोका वाढतो आणि मग जास्त ऑक्टेनचं, म्हणजे सहज न ठोकणारं पेट्रोल लागतं. तालुक्याच्या प्रत्येक पंपावर ते मिळेलच याची खात्री कोण देणार? शिवाय आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, आणि नुसतं पेट्रोल जाळायला एका भागाला 14.7 भाग हवा लागते तिथे इथेनॉलला 9 पुरते. एरवी धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर पाहून ईसीयू हवा-पेट्रोलचा हिशोब जुळवतो, पण पाय पूर्ण दाबला की तो बराचसा आत लिहिलेल्या आकड्यांवर चालतो. ट्यूनिंगमध्ये भरलेली त्या आकड्यांची फाइल कुठल्यातरी परदेशी पेट्रोलवर बनवलेली असेल तर? म्हणून ट्यूनिंगवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा, की फाइल कोणत्या पेट्रोलवर तपासली. दुसरा, आधीचा आणि नंतरचा डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद दाखव, त्यावर हवेचं तापमान लिहिलेलं असलं पाहिजे. आणि तिसरा, मूळ फाइल माझ्याकडे देणार का. यावर जो चिडतो त्याच्याकडून काम करू नये. ओबीडी सॉकेटमध्ये खुपसायची जी लुकलुकणाऱ्या दिव्याची डबी 'अ‍ॅव्हरेज चिप' म्हणून विकली जाते ती आमच्या दुकानात ठेवतच नाही. एक उघडून पाहिली होती, आत दिवा लुकलुकवण्यापलीकडे काही नव्हतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलंय. कलम 182अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पेटीत बसणारा कागदी फिल्टर बदलणं यात येत नाही. पण धूर गाळणारे भाग काढून टाकणाऱ्या 'ट्यूनिंग'ला हे सगळं लागू पडतं. वॉरंटी जाते ती गोष्ट निराळी.

मग गाडी ओढत नसेल तर करायचं काय, असं पोरं विचारतात. त्यांना मी आधी टायरची हवा बघायला पाठवते. मग ब्रेक चिकटतोय का. जॅकवर चाक उचलून हाताने फिरवलं की कळतं. प्लग बदलून किती दिवस झाले? थ्रॉटल बॉडीत काजळी बसली असेल तर ती साफ करून घ्या. फिल्टरपेटीच्या क्लिपा जागेवर आहेत का आणि झाकणाचं रबर फाटलंय का तेही बघा, कारण निम्म्या गाड्यांची एक क्लिप तुटलेली असते आणि तिथून न गाळलेली हवा शिरते. पेटीचं नाक निखळलं असेल तर कंपनीचं नवं बसवा, फार महाग नसतं. एवढं करूनही समाधान नसेल आणि गाडी टर्बोची असेल, क्लच चांगला असेल, वॉरंटी संपली असेल, तर कायद्यात बसेल एवढंच ट्यूनिंग ओळखीच्या, कागद दाखवणाऱ्या माणसाकडून करून घ्या. बिनटर्बोची असेल तर ते पैसे चांगल्या टायरला घाला. ब्रेक दाबल्यावर त्याचा उपयोग होतो.

माझी विनंती एवढीच की वाहनांच्या पानावर असा सल्ला छापताना तो कोणत्या गाडीवर, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या पेट्रोलवर पडताळला ते लेखकाला विचारा, आणि त्याच पानावर खाली त्या फिल्टरची जाहिरात असेल तर तेही वाचकांना सांगा. खुलासा छापणार असाल तर दसऱ्याच्या आत छापा. कोन फिल्टरच्या सगळ्यात जास्त ऑर्डरी माझ्याकडे तेव्हाच येतात.

आपली नियमित वाचक,
एक स्पेअर पार्ट दुकानदार
जिंतूर रोड, परभणी