कनेक्सिन किती, यापेक्षा कुठे ते बघ

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले ब्लॉट (प्रथिन किती आहे ते पट्ट्यांनी दाखवणारी चाचणी) पाहिले. इन्फार्क्टच्या, म्हणजे हार्ट अटॅकमध्ये मेलेल्या भागाच्या, काठावर कनेक्सिन ४३ (शेजारच्या पेशी जोडणाऱ्या नळ्यांचं प्रथिन) कमी झालंय, एवढ्यावर निष्कर्ष काढू नकोस. सहा कनेक्सिन मिळून अर्धी नळी होते. शेजारच्या पेशीची अर्धी नळी तिला भिडली की मार्ग पूर्ण. त्यातून आयन आणि साधारण १ किलोडाल्टनपर्यंतचे रेणू जातात. निरोगी वेंट्रिकलमध्ये (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) हे मार्ग पेशीच्या टोकांना, इंटरकॅलेटेड डिस्कवर म्हणजे दोन पेशींच्या सांध्यावर, दाटीने असतात, म्हणून विद्युतलहर लांबीच्या दिशेने जोरात धावते आणि आडवी रेंगाळते. अटॅकनंतर तेच प्रथिन पेशीच्या कडांवर पसरतं. लहर मंदावते, वाकडी फिरते, री-एन्ट्रीला (लहर त्याच वाटेने गोल फिरत राहण्याला) आयतं रान मिळतं. हृदयपेशींतून कनेक्सिन ४३ काढून टाकलेल्या उंदरांचं हृदय आकुंचन नीट पावतं, तरी ते दोन महिन्यांच्या आत अचानक मरतात!

आता कामाचं. काप तंतूंच्या लांबीने घे. आडव्या कापात डिस्क समोरून दिसते आणि प्रथिन कडेला सरकलंय की नाही हे कळतच नाही. सोबत एन-कॅडहेरिन (डिस्कवर पेशी चिकटवून ठेवणारं प्रथिन) रंगव. त्याच्यावर न बसणारं कनेक्सिन तेवढंच कडेचं समज. नमुना काढल्याबरोबर द्रव नायट्रोजनमध्ये टाक आणि बफरमध्ये फॉस्फेटेज इन्हिबिटर (प्रथिनावरचे फॉस्फेट तोडणारं एन्झाइम रोखणारं रसायन) विसरू नकोस. ऑक्सिजनविना अर्धा तास गेला तरी फॉस्फेट गळतात, ब्लॉटवरचे वरचे पट्टे खालच्या पी-शून्यात (फॉस्फेट नसलेल्या पट्ट्यात) जमतात आणि तुझ्या उशिरालाच तू रोग समजून बसतोस. अँटिबॉडीचं माहितीपत्रकही वाच: काही अँटिबॉडी फक्त फॉस्फेट नसलेलं कनेक्सिन पकडतात, मग एकूण प्रमाण वाढल्याचा भास होतो.

त्वचेचं गणित नेमकं उलटं, आणि मला तरी हाच भाग जास्त रंजक वाटतो. साध्या जखमेत पहिल्या एक-दोन दिवसांत काठावरच्या केराटिनोसाइट (त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी) कनेक्सिन ४३ कमी करतात, मग पुढे सरकतात. मधुमेही उंदरांत ते काठावर उलट वाढतं, काठ जाड गाठीसारखा फुगतो आणि पेशी उशिरा हलतात. तिथे अँटिसेन्स जेल (पेशीत कनेक्सिन ४३ तयार होणं रोखणारं) लावलं की जखम लवकर भरू लागते. हे जेल जखमेवरच लावायचं. रक्तातून देऊन सगळीकडचं कनेक्सिन घटवायला गेलास तर हृदयाचं काय होईल ते वर लिहिलंच आहे.

एन-कॅडहेरिनच्या स्लाइडचे फोटो पाठव, स्केल बारसकट. मागच्या वेळी तो नव्हता, त्यामुळे काहीच मोजता आलं नाही.

तुझा,
अनिकेत