सुमे, त्या दिवशी हात केला नाही ते

हॉफ, जर्मनी,
३ नोव्हेंबर

प्रिय सुमे,

आठ महिने झाले. शिव्या देऊन झाल्या असतील तर वाच, नसतील तर आधी देऊन घे. गुडघा बरा आहे, साखर असायची तेवढी आहे, ह्यांचं नेहमीचंच. संपलं तब्येतपुराण.

फोन करणार होते, पण फोनवर तू मधेच बोलतेस. कागदावर तुला गप्प बसावं लागतं.

परवा १ तारखेला इकडे बव्हेरियात सुट्टी होती, म्हणून ह्यांनी गाडी काढली आणि मोडलारॉयट नावाच्या गावाला नेलं. इथून वीसेक मिनिटं. गाव कसलं, आपल्या खालच्या आळीएवढंसुद्धा नाही. पन्नासेक माणसं, एक तळं, आणि मधून टानबाख नावाचा ओढा. तू साडी न उचलता ओलांडशील एवढाच. धुकं इतकं की ह्यांनी आधी "पार्किंग फुकट आहे ना?" एवढंच विचारलं आणि मग गाडीतच बसून राहिले. मी एकटीच हिंडले.

तर १८१० साली ह्या ओढ्यावर हद्द ठरली. अलीकडे बव्हेरियाचं राज्य, पलीकडे रॉयस नावाचं बारकं संस्थान. हद्दीचे दगड रोवले आणि माणसं आपापल्या कामाला लागली. शाळा पलीकडे, गुत्ता पलीकडे, देवळाला मात्र, म्हणजे चर्चला, सगळी अलीकडच्या टोपेनला. इकडची पोरगी तिकडे, तिकडची इकडे. दगड आपले गवतात. सव्वाशे वर्षांवर असं चाललं. मग जर्मन दुसरं महायुद्ध हरले, अलीकडे अमेरिकन आणि पलीकडे रशियन बसले, आणि त्याच ओढ्याची दोन देशांमधली सीमा झाली. १९५२ला फळ्यांचं कुंपण आलं. पलीकडच्या काही घरांना बाडबिस्तरा उचलायला लावून लांब पाठवलं. १९६६ला सातशे मीटर लांब आणि तीन मीटरहून उंच काँक्रीटची भिंत. अमेरिकन शिपाई गावाला 'लिटल बर्लिन' म्हणायचे. १९७३ साली एक पठ्ठ्या शिडी लावून ओलांडून आला म्हणे. भिंतीचा एक तुकडा आणि टेहळणीचा मनोरा अजून ठेवलाय. मी हात लावून पाहिला. गार, आणि सिमेंट असतं तसंच सिमेंट.

पण एक गोष्ट कळली आणि माझे पाय तिथेच थांबले. अलीकडचे लोक पलीकडे बघून हात करायचे. पलीकडच्यांना मात्र परत हात करायला बंदी होती. चुलतभाऊ असला तरी बघून न बघितल्यासारखं करायचं.

मार्चमधली सकाळ आठवली ना? तू स्कूटी घेऊन फाटकात, मी मागे बसतेय. थोरल्या वहिनी त्यांच्या गच्चीवर कुरडया घालत होत्या. त्यांनी मला पाहून हात केला, कोपरापर्यंत गव्हाचा चीक लागलेला तो हात. नाना शेजारी उभा होता. आणि मी ओढणी सारखी केली.

तू आरशात पाहिलंस. नाक्यापर्यंत एक शब्द नाही, आणि मग, "हाताला काय झालं होतं गं?" मी उतरले आणि वडापनं गेले. वडापात एक शेळी होती, तिनं माझं तिकीट खाल्लं, ते तुला सांगायचं राहिलंच. त्याआधी मी तुझ्या नणंदेच्या लग्नातलं काढलं ते काढायला नको होतं. (खरं होतं, तरी.)

नानावर मी ढकलू शकते, पण मला कुणी बंदी घातली होती? तिथे बंदुका होत्या बाई. इथे फक्त नाना होता, तोही बनियनवर.

आता कागदाचं. वाड्याचं हक्कसोडपत्र येऊन पडलंय. दादा आणि नाना, दोघा भावांनाही माझी सही हवी, एवढं एकच दोघांचं जमतं. मी दोन वर्षं अडवून बसले, कारण मला वाटायचं सही दिली की वाडा फुटला. पण ह्या गावाची गंमत ऐक. १९८९च्या ९ डिसेंबरला, बर्लिननंतर महिन्यानं, इथे चालत जायचं दार उघडलं. पुढच्या जूनमध्ये बुलडोझर लावून भिंत पाडली. आणि तरी गाव आजही दोन राज्यांत! दोन महापौर, दोन पिनकोड, गाड्यांच्या पाट्या वेगळ्या. पलीकडे ३१ ऑक्टोबरला सुट्टी, अलीकडे १ नोव्हेंबरला. अलीकडचे 'ग्र्यूस गॉट' म्हणतात, पलीकडचे 'गुटन टाग'. एक करा म्हणून कुणी उपोषणाला बसल्याचं दिसत नाही. आणि आमच्याकडे दोन गणपती बसले म्हणून आक्का दोन वर्षं डोळे पुसतेय, मीही तिच्यासोबत.

म्हणजे मी धरून बसले होते ती गवतातल्या दगडाला. दगडाचा त्रास कुणाला होता? पण नुसती सही दिली तर नाना ती अंगणातली भिंत परड्यापर्यंत नेणार आणि दादाची आडाकडची वाट बंद करणार. ते नको. वाटणीपत्रात आडाची वाट दोघांची, असं आधी लिहून येऊ दे, मग सही. तुझा वकील मामेभाऊ अजून कोर्टात जातो का, की नुसताच काळा कोट घालून हॉटेलात बसतो? विचार. फी मी देईन, तू घासाघीस कर.

चिन्याचं बारावीचं कळलं, अभिनंदन, उशिरा. नवीन घराचं वास्तुशांतीचं आमंत्रण आलं होतं, तेव्हा मी रुसलेली होते. ओटा कुठल्या दगडाचा केलास?

काल वहिनींना फोन लावला. तीन रिंगात उचलला. इतके दिवस जुळवून ठेवलेलं सगळं विसरले आणि म्हटलं काय, तर "कुरडया झाल्या का?" नोव्हेंबरात!

त्या थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, "होय, संपल्या पण. तुझ्यासाठी ठेवलेल्या तेवढ्या आहेत."

तुझी,
शैला

ता. क. त्या कुरडया नेणार तूच. डबा परत करायचा असतो, आठवतंय ना? माझा स्टीलचा अजून तुझ्याकडेच आहे.