ताई, तुम्ही ती साडी पुन्हा नेसलात

प्रिय ताई,

सादर नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही. सेटवर कुणी तुमच्याबद्दल चांगलं बोलायला लागलं की तुम्ही लगेच त्याला ‘जेवलास का?’ विचारता. तरी पत्र उघडच लिहितोय. तुम्ही जे केलंत ते आणखी चार जणांना कळायला हवं, विशेषतः या अभिनयाच्या धंद्यात नव्याने येणाऱ्या पोरापोरींना. आणि दुसरं कारण असं की परवा फोन केला तेव्हा मला बोलताच आलं नाही. ‘सिनेमा बघितला, ताई’ एवढं म्हणून माझा आवाज बसला. तुम्ही ‘बरं, आई कशी आहे?’ विचारलंत आणि मला सावरायला वेळ दिलात. जे तेव्हा राहून गेलं ते आता लिहितो.

पुण्यात आठ वर्षं मी स्टँडअप केलं. कॅफेच्या माडीवर तीस-चाळीस खुर्च्या, हातात माईक, पाच मिनिटांचा स्पॉट. वेळ संपत आली की मागच्या भिंतीजवळून कुणीतरी मोबाइलचा दिवा दाखवणार, मग शेवटचा पंच टाकून उतरायचं. पुढे तिकीट लावून तासाभराचे कार्यक्रमही झाले. ते काम मी मनापासून केलं आणि त्याची मला कधीच लाज वाटली नाही. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद पडलं. घरात बसून मी ऑडिशनचे व्हिडिओ पाठवायला लागलो. सुरुवात नाइलाजाने झाली, पण दोन-तीन महिन्यांतच कळलं की मला आता हेच करायचंय. हसवायचं नाही, नुसतं एखादा माणूस होऊन उभं राहायचं.

हे बोलून दाखवलं की लोक मान हलवायचे. ‘कॉमेडीवाला रडला तर पब्लिक हसेल.’ किती जणांनी, किती प्रकारे हे ऐकवलं असेल! आणि हे पुण्यात, जिथे निळूभाऊ फुले होऊन गेले. ‘एएफएमसी’च्या, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा हा माणूस सेवा दलाच्या कलापथकातून पुढे आला. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगात त्यांनी लोकांना पोट धरून हसवलं, आणि पुढे त्याच माणसाची पडद्यावर नुसती नजर फिरली तरी थिएटरातल्या बायका धास्तावायच्या. दूरदर्शनवरचे चिमणराव म्हणून ज्यांना घराघराने हसत पाहिलं, त्या दिलीप प्रभावळकरांना पुढे गांधीजींच्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हसवणाऱ्याला माणूस वाचता यावाच लागतो, नाहीतर त्याला हशा मिळतच नाही. मला हे सगळं ठाऊक होतं. पण सेटवर एकटा उभा असताना असल्या ठाऊक गोष्टी हाताशी येत नाहीत.

तुमच्या आधीचा एक अनुभव सांगतो. तुम्हाला तो अर्धाच माहीत आहे.

मोठं प्रॉडक्शन होतं. मला दोन सीन होते, त्यातला एक बऱ्यापैकी मोठा. समोर नावाजलेला नट. आधी अख्ख्या सीनचा मास्टर शॉट झाला, मग त्यांचा क्लोज झाला, म्हणजे नुसत्या त्यांच्या चेहऱ्याचा शॉट. त्यांच्या क्लोजला मी कॅमेऱ्याशेजारी उभं राहून जीव तोडून क्यू दिले, म्हणजे माझी वाक्यं म्हटली. माझा क्लोज लागायच्या वेळी ते व्हॅनमध्ये निघून गेले. लाइट स्टँडवर पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि मला सांगितलं, ‘इकडे बघ, हेच ते.’ त्यांची वाक्यं डायरेक्शनमधल्या एका मुलाने वाचली. त्याच्या एका हातात स्क्रिप्ट आणि दुसऱ्या हातात मोबाइल होता, आणि मोबाइलवर सारखे मेसेज येत होते. आठ वर्षं मी एकट्याने बोलत आलेलो. कॉलेजात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला होतो तोही लाइट्सवर, स्टेजवर नाही. समोरच्याचं ऐकायचं कसं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि त्या दिवशी ऐकायला समोर कुणी नव्हतंच. सात टेक झाले. मॉनिटरजवळ कुणीतरी म्हणालं, ‘जाऊ दे रे, कॉमेडीवाला आहे, नाही जमणार.’ मला ते स्पष्ट ऐकू आलं. ऐकू यावं असंच ते म्हटलं होतं.

पैसे नव्वद दिवसांनी मिळायचे होते, ते सात महिन्यांनी मिळाले. त्याचं मी फारसं मनाला लावून घेतलं नाही. लागलं ते दुसरंच. सिनेमा लागला त्या पहिल्या रविवारी मी आईला घेऊन गेलो. आई नवी साडी नेसून आली होती. मध्यंतर झालं, तिने विचारलं, ‘तू कधी येणार?’ मी म्हटलं, ‘येईन आता.’ मी आलोच नाही. दोन्ही सीन कापले होते. कुणाला एक फोन करावासा वाटला नाही. रिक्षात आई काहीच बोलली नाही. घरी आल्यावर साडीची घडी घालताना म्हणाली, ‘गाणी चांगली होती.’

ते मनात ठेवूनच मी तुमच्या सेटवर आलो होतो.

भोरजवळच्या त्या बंद शाळेत पोलीस चौकी उभी केली होती. मी पीएमटीचा, म्हणजे पुण्याच्या सिटी बसचा निवृत्त कंडक्टर. पीएमटी २००७ मध्ये पीएमपीएमएल झाली, पण माझ्या पात्राच्या तोंडून शेवटपर्यंत पीएमटीच निघायचं, आणि ते तसंच असावं असं तुम्हीच दिग्दर्शकाला सुचवलं होतंत. मुलगा अपघातात गेलेला. चौकीत त्याच्या वस्तू ताब्यात घ्यायच्या: घड्याळ, पाकीट, एका पायातली चप्पल. तुम्ही माझी मोठी बहीण, मला घरी न्यायला आलेली. तुमचं वाक्य, ‘चल. भात लावलाय.’ माझं वाक्य, ‘सही राहिलीय अजून.’ एवढाच सीन.

खिडकीतला उजेड चालला होता म्हणून आधी तुमचा क्लोज उरकला. तुमचं काम संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाचा तुमचा मुंबईत शूटिंगचा कॉल होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही कपडे बदलून बाहेर आलात, खांद्याला पर्स, हातात पाण्याची बाटली. प्रॉडक्शनचा मुलगा म्हणाला, ‘ताई, गाडी लागलीय. क्यू आमचा मुलगा देईल.’ तुम्ही विचारलंत, ‘याचा क्लोज झाला?’ तो म्हणाला, ‘लावतोय.’

माझ्यासमोरच्या स्टँडवर तसाच टेपचा तुकडा होता. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे बघितलंत, आणि काही न बोलता मागे वळलात. मला वाटलं, निघालात. त्यात गैर काही नव्हतं. दिवसभर तुम्ही उन्हात होतात, पुढे मुंबईचा प्रवास होता.

दहा मिनिटांनी तुम्ही परत आलात ते ती साडी नेसून.

ताई, मी याच गोष्टीपाशी अजून थांबलोय. ती विटकरी सुती साडी, काठ उसवलेली. ड्रेसवाल्या दादांनी घडी करून ट्रंकेत टाकली होती, ती तुम्ही पुन्हा काढायला लावलीत. फ्रेममध्ये तुम्ही असणारच नव्हतात. पदराचं टोकसुद्धा दिसणार नव्हतं. नुसता आवाज दिला असता तरी मी आयुष्यभर आठवण ठेवली असती. पण कॅमेऱ्याच्या पलीकडे मला माझी बहीण दिसावी, पर्स घेऊन गाडीची वाट बघणारी नामवंत अभिनेत्री नाही, म्हणून तुम्ही अख्खी साडी पुन्हा नेसलात. केसही तसेच मागे बांधलेत. आणि ती कापडी पिशवी, तीसुद्धा आणलीत.

स्टँडवरचा टेप तुम्ही नखाने खरवडून काढलात. लेन्सच्या डाव्या बाजूला बॉक्स ठेवायला सांगितलात आणि त्यावर बसलात, लेन्सपुढच्या मॅटबॉक्सच्या चौकटीला कान लागेल इतक्या जवळ, म्हणजे माझी नजर बरोबर पडावी. मग मला हळूच म्हणालात, ‘हशाची वाट बघू नकोस. मी श्वास घेईन, तेव्हा बोल.’

हे तुम्हाला कसं कळलं, मला अजून उमगत नाही. स्टँडअपमध्ये वाक्याच्या शेवटी हशाची जागा सोडायची असते. ती नाही सोडली तर पुढचं वाक्य बुडतं. आठ वर्षांत ती जागा माझ्या जिभेत बसली होती. सेटवर हशा नसतो, पण मी नकळत थांबायचो, आणि त्या थांबण्यात सगळं खोटं व्हायचं. लोक म्हणायचे ‘नैसर्गिक कर’, ‘फील कर’, ‘कमी कर’. माझं नेमकं काय चुकतंय ते तुमच्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं. दिवसभरात दोन-चार वेळा मला बघून तुम्ही ते ओळखलंत, आणि चारचौघांत न बोलता, जेव्हा उपयोग होईल नेमकं तेव्हा, कानाशी सांगितलंत.

पहिला टेक बरा झाला. दुसऱ्यात मी घाई केली. तिसऱ्या टेकला तुम्ही ते वाक्य म्हटलंच नाहीत. ‘भात लावलाय’ येईल म्हणून मी वाट बघत होतो, आणि तुम्ही नुसता पिशवीचा बंद मुठीत आवळलात. बोटांची पेरं पांढरी झालेली मला दिसली. मग तुम्ही श्वास घेतलात. मी म्हटलं, ‘सही राहिलीय अजून.’ पुढे माझं काय झालं ते मला नीटसं आठवत नाही. कट ऐकू आल्यावर मी तिथेच खाली बसलो होतो, आणि चहावाले दादा कप हातात घेऊन तसेच उभे होते.

सिनेमात तोच टेक आहे.

तुम्ही त्यानंतर पुन्हा कपडे बदललेत, जेवणाचा डबा बरोबर घेतलात आणि निघालात. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवलात. ‘छान’ वगैरे म्हटलं नाहीत, तेही बरं केलंत. तेव्हा कुणी काही म्हटलं असतं तर मला पेललं नसतं.

त्या दिवसापासून मी माणसं वेगळी मोजायला लागलोय. कोण किती मोठा, कुणाची व्हॅन कुठली, पोस्टरवर कुणाचं नाव कुठे, हे मला आता दिसतच नाही. आपलं काम संपल्यावर दुसऱ्याच्या कामासाठी कोण उभं राहतं, तेवढं दिसतं. आणि एकदा नजर बसली की अशी माणसं सगळीकडे भेटतात. आमच्या कॅफेतला साउंडचा मुलगा शेवटच्या नवख्याचे स्पॉट होईपर्यंत थांबायचा, त्याची शेवटची बस चुकायची तरी. भरत नाट्य मंदिरात एकदा आमची तालीम लांबली, तेव्हा झाडलोट करणाऱ्या मावशी दिवे न घालवता पायरीवर बसून राहिल्या. बँकेत, दवाखान्यात, कुठेही एखादा माणूस खिडकी बंद करायच्या आधी मान बाहेर काढून ‘अजून कुणी राहिलंय का?’ विचारतो. जग अशांच्याच खांद्यावर चाललंय असं मला आता खरंच वाटतं. ज्यांनी मला टेपच्या तुकड्याशी बोलायला लावलं, त्यांच्याबद्दल मनात राग होता आणि थोडा अजूनही आहे. तो लपवत नाही. पण आता सेटवर जाताना मी त्यांना बरोबर नेत नाही.

गेल्या महिन्यात एका मालिकेत एक मुलगी पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर होती. तिचा क्लोज शेवटी लागला. माझा पॅकअप झाला होता. मी थांबलो आणि सगळे क्यू दिले. ती ‘थँक्यू दादा’ म्हणाली, तेव्हा मी तिला तुमचं नाव सांगितलं. एवढ्या एका ठिकाणी मी तुमचा संकोच पाळला नाही, त्याची क्षमा असावी.

आता शेवटचं, ज्यासाठी परवा फोन केला होता.

रविवारी आईला सिनेमाला नेलं. त्याच थिएटरात. या वेळी तिने मध्यंतरात काही विचारलं नाही, माझा हात मात्र धरून ठेवला होता. माझा सीन आला, गेला. बाहेर पडेपर्यंत ती गप्प. जिना उतरताना थांबली आणि म्हणाली, ‘तू बोलत होतास तेव्हा ती समोर होती ना रे? खरंच बसली होती ना?’

त्या शॉटमध्ये तुम्ही कुठेच नाही आहात, ताई. तरी तिला कळलं. मी तिला साडीचं सगळं सांगितलं.

तेव्हापासून तिचा एकच धोशा आहे, तुम्हाला जेवायला बोलाव. आमटी, भात, भरली वांगी करणार आहे. पुण्यात शूटिंग असेल तेव्हा एक रात्र काढा. ऐनवेळी कॉल लागला आणि येता आलं नाही तरी तिला वाईट वाटणार नाही, ती पुढच्या वेळेची वाट बघेल. मला फक्त आदल्या दिवशी कळवा. वांगी मंडईतून मी स्वतः आणणार आहे.

तुमचा भाऊ