पंप लागला की नेट जातं : अध्यक्षांना पत्र

दि. १६ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
मुलुंड (पूर्व), मुंबई ४०० ०८१

विषय : तिसऱ्या मजल्यावरच्या डक्टमधली इंटरनेटची पेटी आणि पंपाच्या बोर्डवरचं सैल कनेक्शन

स.न.वि.वि.

काका, 'महोदय' असं लिहायला बसले होते, पण तीस वर्षं तुम्हाला काका म्हणते आहे, त्यामुळे ते काही जमेना. पत्र मात्र ऑफिशियल आहे. आवक रजिस्टरला नोंद करून घ्यावी.

आधी माफीचं. सोसायटीच्या ग्रुपवर मी लिहिलं होतं की ३०१ मध्ये सुतारकाम चालू आहे आणि त्यांच्याच माणसांनी माझी इंटरनेटची केबल तोडली. ते चुकीचं निघालं. त्यांच्या सुतारांनी कशालाही हात लावलेला नाही. ३०१ च्या वहिनींना मी घरी जाऊन सांगून आले, पण ग्रुपवर जे लिहिलं ते सगळ्यांनी वाचलंय, म्हणून इथेही लिहिते.

आता मूळ गोष्ट. मी घरून अकाउंट्सचं काम करते हे तुम्हाला माहीत आहेच. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रिमोटने शिरायचं आणि तिथल्या टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एंट्र्या करायच्या. आतल्या खोलीत वायफाय धड येत नाही, मधे बीम आहे. त्यामुळे हॉलमधल्या राउटरपासून आतल्या टेबलापर्यंत वायर ओढली आहे आणि ती थेट लॅपटॉपला लावते. ११ ऑक्टोबरला, म्हणजे जीएसटीआर-१ (विक्रीचं महिन्याचं जीएसटी रिटर्न) भरायच्या शेवटच्या दिवशी, दुपारपासून रात्रीपर्यंत नेट सहा वेळा गेलं. प्रत्येक वेळी मिनिट-दीड मिनिट, मग आपोआप परत. तोवर रिमोट तुटलेलं, पोर्टलवरून बाहेर फेकलेलं. रिटर्न कसं भरलं ते माझं मला माहीत.

नेटवाल्यांचा मुलगा तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा राउटर बदलला. दुसऱ्यांदा म्हणाला, वायर लांब पडते. लॅनच्या वायरीला १०० मीटरपर्यंत काही होत नाही आणि डक्टपासून, म्हणजे वायरी वरखाली नेणाऱ्या भिंतीतल्या पोकळीपासून, माझ्या हॉलपर्यंत २० मीटरसुद्धा अंतर नाही, हे मी त्याला सांगितल्यावर तिसऱ्यांदा म्हणाला, "मॅडम, तुमचा लॅपटॉप जुना झालाय." जुना आहे, कबूल. पण मोबाइलवर नेट छान चालतंय असं जे सगळे म्हणत होते, त्यातली गंमत मला नंतर कळली. घरचं नेट मिनिटभर गेलं तर मोबाइल गुपचूप सिमच्या डेटावर जातो. व्हिडिओ तर थोडा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो, त्यामुळे तोही थांबत नाही. म्हणजे नेट सगळ्या बिल्डिंगचं जात होतं, बोंब मात्र माझी एकटीची.

तरी घरातलं आधी तपासायचं ठरवलं, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवून एकदा तोंडावर पडले होते. वायर निरखून बघितली. लॅपटॉपकडच्या पिनेचं प्लास्टिकचं लॉक तुटलेलं, त्यामुळे लॅपटॉप जरा सरकवला की पिन केसभर बाहेर यायची आणि बाजूचा हिरवा दिवा विझायचा. आतल्या खोलीच्या दाराखाली तर वायर चपटी झाली होती. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये बघितलं तर १००० एमबीपीएसच्या जागी १०० चा स्पीड दाखवत होता. या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळाने चार जोड्या. १००० ला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एखादी जोडी मेली की लॅपटॉप तक्रार न करता खाली उतरतो आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. नवी कॅट-६ वायर तयार पिनांसकट आणली आणि दारावरून फिरवून घेतली. लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, वीज वाचवायला नेटवर्क कार्ड बंद करायची परवानगी देणारी एक टिक असते, तीही काढून टाकली. स्पीड १००० झाला. दीड दिवस मी स्वतःवर खूश होते.

मग परत गेलं.

या वेळी तयारीत होते. लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या दिवसभर उघड्या ठेवल्या होत्या. एकीत घरच्या राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारून उत्तराची वाट बघायची. दुसरीत बाहेर, गूगलच्या ८.८.८.८ ला. नेट गेलं तेव्हा पहिल्या खिडकीत ओळी जशा पडत होत्या तशाच पडत राहिल्या, एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर. दुसरीत एकाखाली एक 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. म्हणजे लॅपटॉप, वायर, राउटर, सगळं घर सुटलं. भानगड दाराबाहेर होती.

बाहेर कुठे, ते मात्र आईने शोधलं. नेट गेल्याची वेळ मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाच्या बाजूला लिहून ठेवत होते. सकाळी ७.४०, ११.०५, दुपारी २.२०, संध्याकाळी ६.५०. दुसऱ्या दिवशी वेळा वेगळ्याच. काही सूत्र लागेना. दुपारी आई आडवी झाली होती, मी आतून ओरडले, "गेलं परत!" तर ती पडल्या पडल्या म्हणाली, "पंप लागला ना आत्ता. तो लागला की तुझं जातं." आमचं घर टाकीच्या बरोबर खाली. पाणी पडायला लागलं की छतातून घरघर ऐकू येते. मला वीस वर्षांत तो आवाज ऐकू येईनासा झालाय, आईला येतो. पुढचे दोन दिवस ती पलंगावरून नुसतं "लागला" म्हणायची आणि मी लॅपटॉपवरच्या खिडकीत बघायचे. एकदाही चुकली नाही.

आणि मग तारीखही जुळली. दसऱ्याच्या आसपास आपण टाकीला ऑटोमॅटिक कंट्रोलर बसवला. त्याआधी वॉचमन सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला हाताने पंप लावायचा. तेव्हा मी कामावर नसायची, नेट गेलं असलं तरी कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. आता टाकीतली पातळी उतरली की पंप स्वतःच केव्हाही लागतो.

तुमच्याकडून फोनवर परवानगी घेऊन ९ तारखेच्या रविवारी आपल्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि वॉचमनसमोर डक्ट उघडला. आत जे दिसलं त्याचे फोटो सोबत जोडले आहेत. जुन्या केबल टीव्हीच्या काळ्या वायरींचा गुंताडा, त्यातल्या निम्म्या दोन्ही टोकांना तोडलेल्या. त्यात बाइंडिंगच्या तारेने लटकवलेली एक पत्र्याची पेटी. फायबर बिल्डिंगपर्यंत येतो, तो या पेटीत येतो आणि पेटीतल्या स्विचमधून प्रत्येक घरात तांब्याची वायर जाते. स्विच म्हणजे बारा-चौदा भोकांची एक चपटी डबी, प्रत्येक भोकावर एक हिरवा दिवा. तिचा अ‍ॅडाप्टर एका मल्टिप्लगमध्ये, आणि त्या मल्टिप्लगची वायर डक्टमधून खाली जाऊन पंपाच्या बोर्डमधून घेतलेली. कोणी, केव्हा, माहीत नाही. जवळ सापडली तिथून लाइन मारली असणार.

वॉचमनला खाली पाठवून पंप लावायला सांगितलं. मी पेटीकडे बघत उभी होते. खालून 'खट्' आवाज आला, जिन्यातला दिवा क्षणभर मंद झाला आणि स्विचवरचे सगळे हिरवे दिवे एकदम विझले. मग सगळे एकदम पेटले, मग एकेक करून लुकलुकायला लागले. स्विच तेवढ्यात उठतो, पण प्रत्येक घरातला राउटर परत लॉगिन होईपर्यंत मिनिट-दीड मिनिट जातं. कॅलेंडरवर लिहिलेलं तेच ते.

इलेक्ट्रिशियनने पंपाचा बोर्ड उघडला. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणाला नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. कनेक्शन घट्ट असलं तर दिवा जरासा लवतो, एवढंच. पण न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत जायच्या वायरीचा, स्क्रू सैल होता. कंट्रोलर बसवताना वायरी काढून परत लावल्या असतील आणि तो आवळायचा राहिला असेल. त्याने मीटर लावून पंप सुरू केला तर २३० व्होल्टचा आकडा धाडकन खाली आला, किती ते वाचेपर्यंत परत वर. स्क्रूखालच्या वायरीचं प्लास्टिक बोटभर काळं पडून कडक झालं होतं. मी हात लावणार होते, तो ओरडला.

काका, या पत्राचं कारण माझं नेट नाही, ती काळी पडलेली वायर आहे. नेटपुरतं बघायचं तर दोनेक हजारांच्या आत एक छोटा यूपीएस (बॅटरीचा डबा) येतो, तो पेटीत बसवला की पंप लागो नाहीतर न लागो, दिवे विझणार नाहीत. मी तो माझ्या पैशाने आणणारसुद्धा होते. पण इलेक्ट्रिशियन म्हणाला, "ताई, मग कोणाला कळणारच नाही, आणि स्क्रू आपला तापत राहील." ते पटलं. त्याने त्या दिवशी स्क्रू आवळून दिला. तेव्हापासून आठवड्यात नेट दोनदाच गेलंय, आधी दिवसाला पाच-सहा वेळा जायचं. पण जळका तुकडा कापून नवीन टोक लावायला हवं, आणि ते काम कमिटीच्या सहीशिवाय करणार नाही असं त्याने सांगितलं. बरोबरच सांगितलं.

म्हणून विनंती अशी की पंपाच्या बोर्डचं काम पुढच्या मीटिंगपर्यंत न थांबवता या आठवड्यातच करून घ्यावं. पूर्ण बोर्ड तपासावा, नुसता तो एक स्क्रू नाही, अर्थिंगसकट. त्याच वेळी नेटच्या पेटीची लाइन पंपाच्या बोर्डवरून काढून जिन्याच्या लाइटच्या मीटरवरून वेगळ्या एमसीबीवर (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) घ्यावी. विजेचा खर्च कोणाच्या बिलात जातो हा प्रश्न खजिनदार विचारतीलच, तर तो आजही सोसायटीच्याच बिलात जातोय, फक्त कोणाला माहीत नव्हतं. नेटवाल्यांकडून त्याचे पैसे घ्यायचे का, ते कमिटीने ठरवावं. माझं मत विचाराल तर घ्यावेत.

आणखी एक. त्या दिवशी वॉचमन बोलता बोलता म्हणाला की त्याच्या केबिनमधला कॅमेऱ्यांचा टीव्ही मध्येच काळा होतो आणि मग कंपनीचं चिन्ह येतं. म्हणजे डीव्हीआर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी, बंद होऊन परत सुरू होतोय. त्याची लाइन कुठून घेतली आहे ते इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्यावं. पंपाच्याच बोर्डवरून असेल, तर दसऱ्यापासून रोज आपल्या रेकॉर्डिंगमध्ये पाच-सहा वेळा खाडा पडलेला असणार. गेल्या महिन्यात ए विंगमधली सायकल गेली तेव्हा नेमकं फुटेज सापडलं नाही म्हणून आपण वॉचमनला बोललो होतो.

डक्टमधल्या मेलेल्या वायरी पावसाळ्याच्या आधी काढल्या तरी चालतील, ती घाई नाही. पण वरून पाणी झिरपतं, पेटीतल्या दोन-तीन पिनांवर हिरवा गंज चढला आहे, तेव्हा मे महिन्यात नक्की. डक्टची किल्ली सध्या कोणाकडे आहे हे शोधायलाच आमचा अर्धा तास गेला. शेवटी ती १०२ च्या आजोबांच्या देवघरात सापडली. एक किल्ली वॉचमनकडे असावी.

इलेक्ट्रिशियन शनिवारी दुपारी तीननंतर मोकळा आहे. पंप तासभर बंद ठेवावा लागेल, तर आदल्या दिवशी नोटीस बोर्डवर सूचना लावून टाकी भरून घ्यायला सांगावं. मी घरीच असते, उभी राहीन.

कळावे,

आपली,
सभासद, सदनिका क्र. ४०२, बी विंग

सोबत : डक्टचे आणि पंपाच्या बोर्डचे ७ फोटो, नेट गेल्याच्या वेळांच्या कॅलेंडरच्या पानाची प्रत (दुधाचा हिशोब वगळून वाचावा)